नेस वाईकची मगर

एल्डरवाईक,
सोमवार, २० सप्टेंबर १९०९

प्रिय मास्तर,

पाकिटावरचं अक्षर पाहून तू हे पत्र न फोडताच चुलीत टाकलं नसशील, असं धरून लिहितो. आठ वर्षं दर नाताळात मी कागद पुढ्यात घेतो, ‘प्रिय मास्तर’ एवढं लिहितो आणि उठतो. यंदा नाताळच्या आधीच लिहिण्यासारखं घडलं.

परवा शनिवारी दुपारी नेस वाईकचा कडा कोसळला. पंधरा दिवस पाऊस होता. वरची चिकणमाती पाणी पिऊन जड झाली होती, कुरणाच्या कडेला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या, आणि मेंढ्यांनी त्या बाजूला चरणं आपणहूनच सोडलं होतं. मी दफनभूमीत म्हाताऱ्या वेलबर्नच्या थडग्याचा दगड बसवत होतो. आवाज आला तो कोणी मोठ्या गाडीतून खडी ओतावी तसा, आणि बराच वेळ येत राहिला. मग सगळी पाखरं एकदम वर उठली आणि समुद्रावर मातकट धूर पसरला.

ओहोटी सरायच्या आत खाली गेलो. ताजा कडा तू पाहायला हवा होतास. थरावर थर, निळसर काळे, ओले, मधूनच लोखंडी गाठींची पिवळट रांग. दोन-चार दिवसांत हवा लागून तो राखाडी पडेल, पण त्या वेळी नुकत्याच चिरलेल्या माशासारखा चमकत होता. अशा जागी मी एरवी टोपी काढून दोन शब्द प्रार्थना करतो. परवा ओठ हलले नाहीत.

ढिगाऱ्यात दाराएवढी एक शिळा आहे. तिच्या कडेला ओळीने काहीतरी दिसतं. तू असतास तर चष्मा कपाळावर सरकवून लगेच सांगितलं असतंस. तुझ्या जुन्या वहीत नेस वाईकच्या थरांची यादी होती. त्या पानाची नक्कल पाठवशील का?

इकडे बाकी सगळं आहे तसंच आहे. रूबेन डाउसन अजून शेवंडांचे पिंजरे टाकतो आणि अजून मला टोमणे मारतो. काल वाटेत म्हणाला, “काय जेबेझ, देवाने कडा शनिवारी पाडला म्हणून वाचला बिचारा. रविवारी पाडला असता तर तू त्याचंही नाव चॅपेलच्या पटावरून काढलं असतंस!” मी हसलो नाही.

आपल्या मगरीचा अभ्यास करणाऱ्या मिस हॅवर्गल यांचं पुस्तक नाताळच्या सुमारास येणार म्हणतात. संग्रहालयातल्या त्या दगडी मगरीचं, दगड झालेल्या सांगाड्याचं, चित्र पहिल्याच पानावर आहे.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
जेबेझ हार्लंड


ब्लॅकड्रोव्ह,
सोमवार, २७ सप्टेंबर १९०९

प्रिय जेबेझ,

चुलीत टाकलं नाही. माझ्याआधी मार्थानेच फोडलं आणि अंगणातून ओरडली, “अहो, तुमचा थडगेवाला जिवंत आहे!” मग दोघांनी दोनदा वाचलं.

इथे दगड नाही. तुला खरं वाटणार नाही, पण मैलोगणती काळी, भुसभुशीत, सपाट जमीन आहे, आणि तिच्यातून सरळ रेघेने काढलेले पाण्याचे चर. नांगराला चुकून एखादा गोटा लागला तर माणसं तो बघायला जमतात. मी मुद्दामच असं गाव निवडलं. वही येताना जाळली. हातोडी इथल्या लोहाराला देऊन टाकली, तो म्हणतो घोड्याच्या नालांना बरी आहे.

यादीला वही कशाला लागते? अजून झोपेत म्हणून दाखवीन. नेस वाईक आणि किर्क वाईक या दोन छोट्या उपसागरांच्या मधल्या भूशिराच्या पोटातून एक मोठी भेग गेली आहे. कोणे एके काळी तिच्या उत्तरेचा सगळा भाग खाली बसला. म्हणून नेस वाईकला तुरटीचा थर पायाशी येतो, आणि दक्षिणेच्या किर्क वाईकला तोच थर डोक्यावर दोनशे फूट उंच राहतो. किर्क वाईकला पायाशी असतो तो जुना लोखंडी थर. खालचा तो आधीचा, वरचा तो नंतरचा. मुलं फळ्यावरचं चित्र पाहून म्हणायची, “मास्तर, म्हणजे आमच्या जिन्याची मोडलेली पायरी!”

म्हणूनच तर ती मगर नवलाची. तू ती किर्क वाईकच्या पायथ्याच्या लोखंडी थरातून पहारीने काढलीस, म्हणजे असा प्राणी लोकांना वाटत होता त्याच्या कितीतरी आधी समुद्रात होता. मिस हॅवर्गल यांचं सगळं पुस्तक त्या एका गोष्टीवर उभं आहे.

आता आठ वर्षं तुला लिहायचं होतं ते लिहितो. जेबेझ, मला माफ कर. मी निसर्गमंडळाच्या पत्रिकेत छापलं की मगरीला चिकटलेला दगड तुरटीच्या थरातला दिसतो, तिची जागा पुन्हा तपासावी. तुझ्या अंगणात ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिच्या बरगडीपाशी शिलिंगाएवढा एक सापदगड मी पाहिला होता, गुंडाळलेल्या सापासारखा तो शंख, जो फक्त तुरटीच्या थरात मिळतो. निदान पाहिला असं वाटलं होतं. संग्रहालयात गेलो तर त्या जागी काहीच नव्हतं. मग रविवारच्या शाळेच्या दालनात ती सभा झाली. मिस हॅवर्गल यांनी तुला उभं करून विचारलं आणि तू म्हणालास, “किर्क वाईक, सोमवारी.” लोक हसले ते मला लागलं नाही. मला एवढंच कळलं की माझ्या डोळ्यांनी मला फसवलं, कारण तू खोटं बोलणारा माणूस नाहीस. नसलेली वस्तू पाहणाऱ्याने मुलांना काय दाखवायचं? म्हणून राजीनामा दिला. तुझ्यावर छापून संशय घेतला याची लाज मात्र अजून जात नाही.

ओळीने दिसतंय ते हाड असेल तर लगेच मिस हॅवर्गल यांना कळव. चौदा ऑक्टोबरच्या अमावास्येला मोठं उधाण आहे, त्यात शिळा राहायची नाही. मला विचारू नकोस. माझ्या डोळ्यांवर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही.

तुझा,
लॅम्बर्ट अंथँक


एल्डरवाईक,
सोमवार, ४ ऑक्टोबर १९०९

प्रिय मास्तर,

तुझं पत्र कोटाच्या खिशात घेऊन आठवडाभर फिरतो आहे. तू माझी माफी मागतोस. ते वाक्य आलं की मी कागद मिटतो. मी तुला माफ करणारा कोण?

मिस हॅवर्गल यांना अजून कळवलेलं नाही. शिळा रोज पाहून येतो. पहिल्या आठवड्यात समुद्राने तिच्याभोवतीची माती धुऊन नेली, आता ती कातळावर एका बाजूला कलून बसली आहे. मी तिच्यावर समुद्रशेवाळ पसरून ठेवलं आहे. कोणी विचारलं तर म्हणेन की ऊन लागून तडकू नये म्हणून. कोणी विचारलेलं नाही.

तुला एक विचारतो, तू शाळामास्तर, पवित्र शास्त्रही वाचलेला. सन १९०१ च्या फेब्रुवारीत मी रूबेन डाउसनचं नाव पटावरून काढलं हे तुला आठवत असेल. वादळ येणार म्हणून त्याने रविवारी सकाळी समुद्रात जाऊन पिंजरे वर काढले होते. मी तेव्हा चॅपेलच्या सभासदांचा पट सांभाळत होतो, आजही सांभाळतो. मंडळींपुढे उभं राहून मी म्हणालो की शब्बाथ, म्हणजे रविवारची विश्रांती, मोडणाऱ्याला पिंजरे वाचले याचा आनंद लाभणार नाही. रूबेन मागच्या बाकावर टोपी हातात धरून उभा होता. टोपी घालून निघून गेला.

समजा, ज्याने असं दुसऱ्याचं नाव काढलं, त्याच्याच हातून पुढे तसंच काही घडलं, आणि ते झाकायला त्याने आणखी एक वाईट केलं. मग तो इतकी वर्षं दर रविवारी मुलांसमोर दहा आज्ञा वाचत राहिला. अशा माणसाने आधी कुठलं दार ठोठवायचं?

हे मी सहज विचारतो आहे.

काल मुलांना आज्ञा वाचून दाखवताना मी चौथ्या, शब्बाथच्या आज्ञेपाशीच पुस्तक मिटलं. पाळकांना वाटलं, थंडी बाधली.

तुझा,
जेबेझ


ब्लॅकड्रोव्ह,
शुक्रवार, ८ ऑक्टोबर १९०९

प्रिय जेबेझ,

सहज विचारणारा माणूस दोन पानं लिहीत नाही. पण मला कळलं. तू शिळेला ऊन लागू नये म्हणून रविवारी जाऊन शेवाळ पसरलंस, होय ना? आणि आता रूबेनची आठवण येऊन जीव खातो आहेस! मार्थाला वाचून दाखवलं तर म्हणते, “त्या माणसाला एखादं खरंखुरं पाप करून पाहायला सांगा, म्हणजे फरक कळेल.”

थट्टा राहू दे. रूबेनचं दार ठोठाव. तेव्हा तू फार कठोर वागलास असं मला त्याही वेळी वाटलं होतं, पण तुझ्यापुढे बोलायची माझी हिंमत नव्हती. तू स्वतःला सोडत नाहीस म्हणून इतरांनाही सोडत नाहीस, असं मी मनाला सांगितलं.

एक गोष्ट तुला कधी लिहिली नाही, आज लिहितो. इथे आल्यावर पहिली दोन वर्षं फार वाईट गेली. आपलं पाहणंच खोटं ठरलं तर माणसाला उभं राहायला जागा उरत नाही. घराला कुलूप घातलं की नाही हे मी तीनतीनदा परत जाऊन बघायचो. तेव्हा एका विचाराने मला धरून ठेवलं. मी चुकलो कारण समोर एक खरा माणूस होता. माझ्या डोळ्यांपेक्षा जेबेझ हार्लंडचा शब्द जड निघाला, यात वाईट काय? जगात एक तरी तराजू बरोबर आहे.

तेव्हा शेवाळाची काळजी सोड, मिस हॅवर्गल यांना तार कर, आणि हाडं कोणत्या थरातली आहेत ते मला कळव. इतक्या दिवसांनी पुन्हा ऐकावंसं वाटतं आहे.

तुझा,
लॅम्बर्ट


एल्डरवाईक,
मंगळवार, १२ ऑक्टोबर १९०९

प्रिय मास्तर,

या पत्राबरोबर कापसात गुंडाळलेली एक डबी आहे. आधी ती उघड, मग पुढे वाच.

तो तुझा सापदगड आहे. शिलिंगाएवढा, तुरटीच्या थरातला. तू त्याला माझ्या अंगणात बरगडीपाशी पाहिलंस तेव्हा तो तिथेच होता. तुझा लेख आल्यावर, मगर संग्रहालयात जायच्या आधी, मी छिन्नीने काढला. आठ वर्षं तो माझ्या खणात, पवित्र शास्त्राच्या शेजारी होता. तुझ्या डोळ्यांनी तुला कधीच फसवलं नाही. मी फसवलं.

मगर किर्क वाईकची नाही, नेस वाईकची आहे. शनिवारी, २३ मार्च १९०१ ला रात्री उशिरा तिथला कडा पडला होता, तुला आठवेल. दुसऱ्या दिवशी सकाळची उपासना संपली, जेवलो, दुपारच्या शाळेला दीड तास होता. मी फक्त बघायला म्हणून खाली उतरलो. ती ढिगाऱ्यावर उताणी पडली होती, जबडा माझ्याकडे. मास्तर, मी शंभरदा मनात तपासलं आहे. मी आनंदाने वेडा झालो होतो. देवाने एवढी जुनी वस्तू माझ्यासाठी दार उघडून ठेवली आहे असं वाटलं. वार आठवला नाही. धावत घरी जाऊन पहार आणि हातगाडी आणली. शाळेला वेळेवर पोचलो, नखांत काळी माती होती.

रात्री वादळ झालं. सोमवारी सकाळी नेस वाईकचा सगळा ढिगारा समुद्राने नेला होता. तेव्हा ‘नेस वाईक’ म्हटलं असतं तर गावातल्या लहान पोरालाही कळलं असतं की ती रविवारीच उचलली. आणि रूबेनचं नाव काढून जेमतेम महिना झाला होता. म्हणून पहिल्यांदा ज्याने विचारलं त्याला मी म्हणालो, “किर्क वाईक, पायथ्याच्या थरातून, सोमवारी.” मला वाटलं, दगड तो दगड, इथला काय नि तिथला काय. थराने एवढा फरक पडतो हे मला तुझा लेख वाचून कळलं. तेव्हा बोलायला हवं होतं. सभेत तू माझ्याकडे पाहत उभा होतास, तेव्हा तर बोलायलाच हवं होतं. मी थडग्यांवर तारखा कोरतो, एकोणपन्नास वर्षांच्या आयुष्यात एक तारीख चुकवली नाही, आणि त्या सभेत जिवंत माणसासमोर खोटा वार सांगितला. तू म्हणालास, “हार्लंड म्हणतात तर माझंच चुकलं असेल.” लोक हसले. मी खाली बूट बघत होतो.

आता या शिळेबद्दल. तिच्यात त्याच मगरीचा मागचा भाग आहे, जो तेव्हा कड्यातच राहिला होता. पाठीचा एक मणका मधोमध तुटला आहे. त्याचा अर्धा भाग संग्रहालयात आहे, मला पाठ आहे तो. उरलेला अर्धा इथे तुरटीच्या थरात बसला आहे. दोन्ही जुळवले की कोणी काही बोलायची गरज नाही. आणि मी काय केलं, तर तिच्यावर शेवाळ टाकलं. खरं सांगतो, उधाण येऊन ती जावी अशी वाट बघत होतो. तुला पहिलं पत्र लिहिलं ते कशासाठी, हे मला अजून नीट सांगता येत नाही. कदाचित तू ओळखशील आणि मला बोलावं लागणार नाही, असं वाटलं असेल. पण तू माझी माफी मागितलीस. आणि मग तो तराजू.

समुद्र काल-आज खवळलेला आहे, भूशिराला वळसा घालता येत नाही. सगळ्यात खोल ओहोटी येत्या रविवारी, सतरा तारखेला, दुपारी बाराच्या सुमारास आहे. उपासनेच्याच वेळी. सोमवारी वारा ईशान्येचा होणार, असं कोळी म्हणतात. म्हणजे रविवारी, नाहीतर नाही.

मी हसलो असतो, पण हसू येत नाही.

जेबेझ


एल्डरवाईक,
शनिवार, २३ ऑक्टोबर १९०९

प्रिय मास्तर,

तुझं उत्तर नाही. यावं असा माझा हक्कही नाही. पण झालं ते तुला कळलं पाहिजे.

रविवारी सूचना वाचायला मी उठलो. चहापानाची सूचना वाचली, आजाऱ्यांची नावं वाचली, आणि कागद खाली ठेवून म्हणालो, “आणखी एक आहे.” मग तुला लिहिलं ते सगळं सांगितलं. वार, जागा, छिन्नी, सभा, तुझं नाव. रूबेनचंही नाव घेतलं. फार वेळ लागला नाही. एवढ्या वर्षांचं ओझं पाच मिनिटांत बोलून संपतं, याचीच लाज वाटली.

हॅना व्हेरिलबाईंना आता ऐकू येत नाही, त्या मोठ्याने म्हणाल्या, “काय म्हणतोय? कोण गेलं?” त्यांच्या मुलीने कानात सांगितलं, “कोणी नाही, आई. जेबेझने खोटं सांगितलं होतं.” “कोणी?” “जेबेझने!” “चल, काहीतरीच!”

मी म्हणालो, “मी आता नेस वाईकला जातो आहे. आज शब्बाथ आहे हे मला ठाऊक आहे. या वेळी सगळ्यांना सांगून जातो.”

पाळक हळूच म्हणाले, “जेबेझ, उद्या नाही का जाता येणार?”

“उद्या ती तिथे नसेल.”

“मग मी तुला जा म्हणू शकत नाही,” ते म्हणाले. मग म्हणाले, “पण वाटेत शेवाळ आहे, जपून जा.”

माझ्यामागून कोणी आलं नाही. यावं तरी का? पहार आणि दोर घेऊन उतरलो. समुद्र खूप मागे गेला होता, एरवी कधी न दिसणारे कातळ उघडे पडले होते, वाकवलेल्या फळ्यांसारखे एकामागे एक वळत भूशिराखाली गेलेले. शिळेवरचं शेवाळ मीच ओढून काढलं. रात्रीच्या भरतीने तिचे दोन तुकडे केले होते.

एकट्याने हलेना. तेवढ्यात वल्ह्यांचा आवाज आला. रूबेन होडी घेऊन आला होता.

“मी उपासनेला येत नाही ना,” तो म्हणाला, “म्हणून बातमी जरा उशिरा कळली. पाच मिनिटांनी.”

“रूबेन, तुझं नाव मी—”

“भाषण वर झालं ना एकदा? पाणी थांबणार आहे का तुझ्यासाठी? दोर टाक इकडे.”

तासभर आम्ही पहारीने शिळा हलवत होतो. तुटलेल्या मणक्याचा तुकडा फळीवरून ओढत होडीत चढवला. दुसऱ्या तुकड्याला दोर बांधेपर्यंत पाणी गुडघ्याला आलं. रूबेन म्हणाला, “सोड.” मी सोडेना. तो ओरडला, “सोड म्हणतो ना! मगरीबरोबर तुलाही दगड व्हायचंय का?” सोडला. शेपटीचा सगळा भाग गेला. चार आठवडे मी गप्प बसलो नसतो तर गेला नसता. हेही माझ्याच नावावर लिही.

परत येताना रूबेन म्हणाला, “आठ वर्षं तुला काय काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं. एकाहून एक शिव्या होत्या. आणि आज तू आपणच सगळं बोलून टाकलंस. माझी सगळी मेहनत पाण्यात.” मी म्हणालो, “अजून बोल.” तो म्हणाला, “आता मजा नाही.”

बुधवारी मंडळींची बैठक झाली. माझं नाव काढायचं ठरलं. पट माझ्याकडेच असतो, म्हणून पेनही माझ्याच हातात दिलं. मी माझ्या नावावर रेघ मारली. रविवारची शाळा आता पाळक घेतील. सगळ्यांच्या संमतीने रूबेनचं नाव पुन्हा लिहिलं. त्याला सांगायला गेलो तर जाळं विणताना मान वर न करता म्हणाला, “मला विचारलं होतं का कोणी?” पण उद्या तो येणार आहे, असं त्याची बायको सांगत होती. मी मागच्या बाकावर, दाराजवळ बसेन. तिथून सगळ्यांच्या पाठी दिसतात.

मिस हॅवर्गल गुरुवारी आल्या, अर्धा मणका पेटीत घेऊन. माझ्या अंगणात त्यांनी दोन्ही भाग एकमेकांना लावले. बसले. केस जाईल एवढीही फट नव्हती. मला वाटलं रागावतील. म्हणाल्या, “पुस्तक छापायचं थांबवते.” मग म्हणाल्या, “त्या सभेत मीसुद्धा हसले होते, मिस्टर हार्लंड.” चहा न घेता गेल्या.

जेबेझ


ब्लॅकड्रोव्ह,
मंगळवार, २ नोव्हेंबर १९०९

जेबेझ,

तीन पत्रं लिहून फाडली. हे चौथं.

तुला माफ केलं असं लिहिलं तर ते आज तरी खरं होणार नाही, आणि आपल्यात एक खोटं पुरे झालं. खोटं बोललास याचा राग आहे, पण तो आवरेल. आठ वर्षं मी कुठल्याही कड्याकडे पाहिलं नाही, याचा राग आवरत नाही. मार्थाचं माहेर समुद्राकाठी आहे. तिथे गेलो की मी पाठ फिरवून चालायचो. ते दिवस तू मला कुठल्या होडीतून आणून देणार?

आणि तुला तराजू मी केलं, हे माझं चुकलं. माणसाला असं करू नये. तुला खाली उतरायला जागाच ठेवली नाही मी. पण हे मी तुझं ओझं हलकं करायला लिहीत नाही. मला उमगलं म्हणून लिहितो.

सापदगड टेबलावर आहे. पहिले दोन दिवस हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी चष्मा कपाळावर सरकवला. मार्थाने ते पाहिलं आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली.

मला एकच हवं आहे. संग्रहालयात मगरीखाली जी चिठ्ठी असते, ती नव्याने लिहावी लागेल. ती तू लिही. तुझ्या हाताने, थडग्यावर कोरतोस तशा नीट अक्षरात. जागा, थर, दिवस, सापडणारा. काही गाळू नकोस. नक्कल मला पाठव.

काल लोहाराकडे जाऊन आलो. म्हणतो, हातोडीचा दांडा बदलला आहे, डोकं तेच आहे. नाताळपर्यंत देतो म्हणाला. देईल की नाही ठाऊक नाही.

लॅम्बर्ट अंथँक


एल्डरवाईक,
शनिवार, ६ नोव्हेंबर १९०९

मास्तर,

चिठ्ठी लिहिली. मिस हॅवर्गल यांनी वाचून होकार दिला आणि संग्रहालयाने काल ती लावली. वाराचा शब्द लिहिताना हात थांबला, पण शाई सुकायच्या आत पुढे गेलो. शेवटच्या दोन ओळी तू सांगितल्या नव्हत्यास. त्या मी माझ्या मनाने घातल्या. अशा चिठ्ठीवर शेवटची ओळ कोणी लिहीत नाही, असं तिथले गृहस्थ म्हणाले. मी म्हणालो, मग माझंही नाव काढा. त्यांनी राहू दिली.

नक्कल खाली आहे.

जेबेझ

समुद्रातील मगर. डोके, बरगड्या, पाठीचे मणके.
जागा: नेस वाईक, एल्डरवाईक गावाच्या उत्तरेस.
थर: तुरटीचा थर, कड्याचा पायथा.
दिवस: २४ मार्च १९०१, रविवार. पाठीचा उरलेला भाग: १७ ऑक्टोबर १९०९, रविवार.
सापडली: जेबेझ हार्लंड, गवंडी, यास. दुसऱ्या खेपेस रूबेन डाउसन, कोळी, याच्या मदतीने.
याआधीच्या चिठ्ठीवरील जागा, थर व वार खोटे होते. ते हार्लंडने सांगितले होते.
थर प्रथम ओळखला: लॅम्बर्ट अंथँक, शाळामास्तर, याने, १९०१ साली.
त्याचे बरोबर होते.